कलाने नव्हे, कलेने

दार उघडलं तेव्हा काका माझ्याकडे बघतच नव्हते. मी पोर्चच्या एका कडेला, दोन बॅगा आणि नागपूरहून आणलेला संत्रा बर्फीचा डबा सांभाळत उभी होते. काका नाकासमोर, रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बघत म्हणाले, "जरा समोर या. तुम्ही सेक्टरच्या बाहेर आहात."

म्हातारा आंधळा आहे की शिष्ट, हे ठरवता ठरवता मी समोर सरकले. "हां, आता आलात," ते म्हणाले आणि मान तसूभरही न हलवता, नुसते डोळे वर-खाली फिरवून त्यांनी माझी नखशिखांत पाहणी केली. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला आत तर घ्या! आणि घाबरू नकोस गं, त्यांची मान वळत नाही, एवढंच."

"वळत नाही असं नाही," काका गॅरेजला म्हणाले, "वळवत नाही."

लंडनच्या हॅरो भागातल्या त्या घरातली मागची खोली मी घेतली आणि पुढची काही वर्षं या दोघांची भाडेकरू, श्रोता आणि पंच म्हणून काढली. पहिल्या दिवशीचं 'तुम्ही' दुसऱ्या दिवशी चहाबरोबर 'तू' झालं. मान वळत नाही की वळवत नाहीत, हा वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. फिजिओथेरपिस्टनं मानेत काही दोष नसल्याचं सांगितलं होतं. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "लग्नात अंतरपाट दूर झाला, बाजूबाजूला बसवलं, तर या माणसानं एकदाही माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही. मला वाटलं, किती सुसंस्कृत मुलगा आहे! इकडे आल्यावर कळलं की संस्कार नव्हे, तत्त्वज्ञान आहे."

त्या तत्त्वज्ञानापायी काकांना या देशात ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं नाही. इथल्या परीक्षेत गाडी हलवण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघावं लागतं. काकांनी गाडीला आतून-बाहेरून इतके आरसे लावले की परीक्षकाला स्वतःचाच चेहरा सगळीकडे दिसायला लागला. "यू डिडन्ट चेक युवर ब्लाइंड स्पॉट," तो म्हणाला. "आय हॅव अबॉलिश्ड इट," काका म्हणाले. त्यानं नापास केलं, आणि काकांनी जन्मभर मेट्रोपॉलिटन लाइननं प्रवास केला. ट्रेनमध्येसुद्धा ते अशी सीट शोधायचे की दार समोर यावं.

"वळायचं कशाला? बघायचं," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं, आणि ते त्यांनी जहाजांवरून आणलं होतं.

काकांनी सगळी हयात लढाऊ जहाजांवरच्या रडारमध्ये घालवली. तेही गरगर फिरणारं रडार नव्हे. फिरणाऱ्या रडारचं नाव काढलं की त्यांचा चेहरा शेजारणीनं उसनी साखर मागितल्यासारखा व्हायचा. "ती जाळी काय करते? गोल फिरते. म्हणजे काय करते? निम्मा वेळ पाठ फिरवते! आणि शत्रू काय, ती परत वळेपर्यंत दारात बूट काढून थांबणार आहे?" काकांचं रडार म्हणजे फेज्ड अ‍ॅरे. सपाट भिंतीसारखा एक मोठा चौकोन, त्यात हजारो चिमुकले अँटेना शेजारी शेजारी बसवलेले. त्यातलं काहीही हलत नाही. पण प्रत्येकानं आपली लहर शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा सोडली, की सगळ्यांचा मिळून होणारा झोत सरळ न जाता तिरका जातो. उशीर कमी-जास्त करायचा, झोत हवा तिकडे जातो. भिंत जागच्या जागी, आणि नजर क्षणात क्षितिजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

हे मला समजावायला त्यांनी लेझीम आणली. म्हणजे खरोखर आणली, माळ्यावरून. "रांगेतले सगळे एकदम पाऊल टाकतात, तेव्हा रांग सरळ पुढे येते. आता समज, पहिल्यानं टाकलं, दुसऱ्यानं जरा थांबून, तिसऱ्यानं आणखी जरा थांबून. काय होईल?"

"भांडण होईल," मी म्हटलं.

"रांग तिरकी होईल! एकानंही मान वळवली नाही, आणि अख्खी रांग वळली! हा उशीर आहे ना, तो नुसता उशीर नाही. नेमका उशीर."

हाच प्रयोग त्यांनी एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपती मिरवणुकीत खऱ्या लेझीम पथकावर केला होता. प्रत्येकाला त्याचा त्याचा उशीर ठरवून दिला. पण सगळ्यांनाच पहिलं पाऊल आपलं हवं होतं, आणि ज्यांना शेवटचं दिलं होतं ते पार्किंग मिळालं नाही म्हणून आलेच नाहीत. रांग तिरकी झाली खरी, पण ती शेजारच्या डेंटिस्टच्या कुंपणात घुसली. "आपल्या लोकांना उशीर येतो," काका खेदानं म्हणायचे, "नेमका उशीर येत नाही."

या सगळ्याच्या पोटात एक शब्द होता, आणि त्या शब्दावरून त्या घरात रोज युद्ध व्हायचं. लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्याला इंग्रजीत फेज म्हणतात. मराठी शाळेत काका त्याला कला म्हणायला शिकले होते, चंद्राच्या कला असतात तशी. त्यामुळे त्यांचं लाडकं वाक्य होतं, "आमचं रडार मोटरनं वळत नाही, कलाने वळतं."

की स्वयंपाकघरातून आलंच, "कलेने!"

काकू मराठीच्या शिक्षिका. मंडळाच्या रविवारच्या वर्गात त्यांनी इथे जन्मलेल्या दोन पिढ्यांना तो, ती आणि ते यांतला फरक शिकवला होता. काका हट्टानं म्हणायचे, "अगं, माणसाला कलाने घ्यावं म्हणतोच ना आपण? तेच हे. रडारही कलानेच घ्यावं लागतं."

"तो कल वेगळा. कल पुल्लिंगी, तो कल, कलाने. कला स्त्रीलिंगी, ती कला, कलेने. शाळेत मुलं तोंडी चुकली तर मी सोडून द्यायचे, पण तुम्ही इंजिनिअर आहात!"

काका माझ्याकडे डोळे फिरवून मिश्कील हसायचे आणि तासाभरानं पुन्हा "कलाने" म्हणायचे. मला पहिल्याच महिन्यात कळलं की ही चूक नव्हे, हा त्यांचा संसार आहे.

मीही या तडाख्यातून सुटले नव्हते. मी 'काहून' म्हटलं की काकू 'का' म्हणायच्या. मी नागपूरची, ऐकते होय! मी म्हणायची, "काकू, आमच्याकडे नुसत्या 'का'नं पोट भरत नाही." तेव्हा काकूंना बऱ्यापैकी ऐकू यायचं, म्हणून हे सगळं चालायचं.

काकांच्या जहाजांच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या की आता त्या माझ्याच वाटतात. असलं रडार पहिल्यांदा जहाजावर चढवलं ते अमेरिकेनं, काका शाळेत असताना. एका विमानवाहू जहाजाच्या मनोऱ्याला चारी बाजूंनी सपाट भिंती लावल्या. चार दिशांना चार तोंडं, कोणी कोणाकडे वळायचं नाही. काका त्याला ब्रह्मदेव म्हणायचे. पण तो काळ काचेच्या व्हॉल्व्हचा. रोज काहीतरी जळायचं, बिघडायचं, आणि दुरुस्त करणाऱ्यांची पलटण पोसावी लागायची. शेवटी ते काढून टाकलं आणि पुन्हा फिरणारी जाळी बसवली. "ब्रह्मदेवाची देवळं का नाहीत, माहीत आहे?" काका विचारायचे. "मेंटेनन्स परवडत नाही."

काका ज्या कंपनीत लागले तिथे हेच पुढे नेण्याचं काम चाललं होतं, आणि त्यांच्या वाट्याला ब्रह्मदेवाचं एकच तोंड आलं. पोर्ट्समथच्या बंदरातल्या एका जुन्या लढाऊ जहाजावर चाचणीसाठी एकच भिंत बसवली होती. काम गुप्त होतं, म्हणून साताऱ्याला सासुरवाडीला काय सांगायचं हा प्रश्न आला. काका म्हणाले, "जहाजावर भिंतीचं काम असतं." त्यावर सासऱ्यांनी जावई रंगकाम करतो असा समज करून घेतला आणि पुढच्या खेपेला त्यांना देवघराला ऑइलपेंट द्यायला लावला. काकांनी तो दिला. गुप्ततेची शपथ घेतलेला माणूस आणखी काय करणार!

एकदा नौदलातला एक बडा अधिकारी चाचणी बघायला आला. त्याचा दरारा मोठा. तो डेकवर उभा राहिला, मान वर करून भिंतीकडे बघत राहिला, कॉफी संपली तरी बघत राहिला. मग त्यानं शांतपणे विचारलं, "व्हेन डू यू स्विच इट ऑन?"

"सर, इट हॅज बीन ऑन सिन्स मॉर्निंग," काका म्हणाले.

अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. जन्मभर त्यानं डोक्यावर गरगरणारी जाळी बघितलेली. फिरतंय म्हणजे चालू, थांबलंय म्हणजे बिघडलं. खाली नेऊन पडद्यावर सगळी खाडी, होड्या, समुद्रपक्ष्यांचा थवासुद्धा दाखवला, तरी तो परत वर येऊन भिंतीकडे संशयानं बघायचा. शेवटी काकांनी आपल्या साहेबाला सुचवलं की भिंतीच्या वर एक छोटी मोटर लावू आणि तिला एक पंख्याचं पातं जोडू. ते फिरेल. काम काही करणार नाही, पण साहेबलोकांना बरं वाटेल.

"मग लावली?" मी विचारायची.

"साहेबानं नाही ऐकलं. म्हणाला, आपण इंजिनिअर आहोत. अरे, इंजिनिअर आहोत म्हणूनच तर! ही वस्तू चालू आहे की बंद, ते बघून कळत नाही, हाच तिचा दोष. आणि हाच गुण."

पुढे ते काम बंद झालं. दोष कोणाचा, हे काका कधी बोलले नाहीत. मला काकूंनीच एकदा सांगितलं. भिंत जहाजावरून उतरवली, तिच्या जागी साधा लोखंडी पत्रा मारला. काकू त्या दिवशी त्यांना आणायला बंदराच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. "फाटकातून बाहेर पडले आणि थांबले. मान वळवून मागे बघितलं त्यांनी, त्या जहाजाकडे. सगळ्या संसारात एकदाच. मग कित्येक महिने घरात धड शब्द नाही. मी मुद्दाम चुकीचं बोलायचे, म्हटलं मला तरी दुरुस्त करतील. नाही केलं." तसलं रडार नंतर इथल्या नव्या जहाजांवर आलं, उत्तम चाललं, पण तोवर काका निवृत्त झाले होते. बातम्यांत ते जहाज दिसलं की काका टीव्हीपुढे अदबीनं उभे राहायचे.

मग काकूंचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी घंटी ऐकू येईना, मग मी, मग टीव्ही. टीव्हीचा आवाज असा वाढला की पलीकडच्या घरातली ब्रेंडा भिंतीतूनच मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायला लागली. ऑडिओलॉजी क्लिनिकनं काकूंना कानातलं यंत्र दिलं. काकूंनी ते डबीसकट कपाटात, पैठण्यांच्या मागे डांबराच्या गोळ्यांत ठेवून दिलं. "कानात यंत्र घालून मी मंडळात जाऊ? वर्गातली पोरं म्हणतील, बाई म्हाताऱ्या झाल्या." बाईंची पोरं आता पन्नाशीला आली होती, पण ते बोलायची सोय नव्हती.

खरी गोची झाली ती रविवारी. मुलगा कॉव्हेंट्रीला, त्याची मुलगी युनिव्हर्सिटीत शिकत होती, आणि दर रविवारी तिचा आजीला व्हिडिओ कॉल यायचा. ही दोघींची चैन होती. नात मोडकं मराठी बोलायची, आजी तिचं एकेक लिंग सरळ करायची, आणि दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. आता नात म्हणाली, "आजी, मला इंटर्नशिप मिळाला," तर काकू म्हणाल्या, "अगं बाई, कोणाला ताप आला?" नातीच्या मागे तिच्या मैत्रिणी होत्या. त्या हसल्या. काकूंना हसू दिसलं, कारण ऐकू आलं नाही. त्यानंतर रविवारी टॅबलेट वाजला की काकूंना नेमकं काहीतरी फोडणीला टाकायचं असायचं.

नात मग काकांशी बोलायची. एका रविवारी मी तिथेच भाजी निवडत होते. ती म्हणाली, "आजोबा, बी ऑनेस्ट. आजी माझ्यावर रागावला आहे का?"

"नाही गं."

"मग तो मला करेक्ट का नाही करत? आय सेड रागावला. ऑन पर्पज. तो किचनमध्ये आहे ना? ऐकतोय ना? काहीच नाही म्हणाला." आणि पोरगी रडायला लागली. काकांनी टॅबलेट बंद केला. 

"मलाही केलं नाहीये," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "मी रोज कलाने म्हणतो. सकाळ-संध्याकाळ म्हणतो. दोन वर्षं होतील, या घरात मला कोणी चूक म्हटलेलं नाही."

मी भाजीत मान घातली, मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी काका कामाला लागले. जुन्या सामानाची चॅरिटी शॉप आणि गाडीच्या डिकीतून माल विकणारे कार बूट सेल पालथे घालून त्यांनी डझनभर जुने छोटे स्पीकर जमवले, आणि माळ्यावरच्या एका लांब फळीवर ओळीनं बसवले. ते म्हणाले, "तिच्या कानाला आवाज कमी पडतो ना? मग सगळ्या घराला कशाला ओरडायचं? प्रत्येक स्पीकरला नेमका उशीर द्यायचा. सगळ्यांचा आवाज तिच्या खुर्चीपाशी एकत्र येईल. बाकी घर शांत. ब्रेंडासुद्धा." हे उशीर मोजून देणारा प्रोग्रॅम मी लिहायचा होता. मी बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहायचे, जहाजासाठी नव्हे, पण नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

फळी दिवाणखान्यात, सोफ्याच्या मागे उभी राहिली. टीव्ही, टॅबलेट आणि आमच्या बोलण्यासाठी एक माइक तिला जोडला. काकूंच्या खुर्चीच्या चारी पायांभोवती कार्पेटवर चिकटपट्टीच्या खुणा झाल्या. पहिली चाचणी माझ्यावर. खुर्चीत बसले आणि बातम्या देणारी बाई माझ्या कानात येऊन बोलायला लागली. मी टुणकन उठले, तर आवाज जवळजवळ गायब. "काका, चालतंय!" मी ओरडले. काकांनी डोळे मिटून घेतले.

मग काकूंना बसवलं. काकू ताठ बसल्या, आणि खरंच त्यांना ऐकू आलं. पण काकू काही भिंत नव्हेत. त्या मटार सोलायला वाकल्या, आवाज गेला. लोकरीचा गुंडा उचलायला वळल्या, गेला. "हलू नकोस!" काका मागून ओरडायचे, जे त्यांना ऐकू जायचं नाही. मग ते माझ्याकडे वळून, म्हणजे डोळे वळवून म्हणायचे, "टार्गेट हलतंय. टार्गेटला सांग."

हा शब्द नेमका काकूंनी ओठांवरून ओळखला. "टार्गेट? एवढी वर्षं संसार केला, सारखं बसून पापड लाटले, आणि शेवटी टार्गेट झाले होय मी? बुडवा आता!" असं म्हणून त्या उठून गेल्या, आणि खुर्चीसुद्धा खुणांवरून मुद्दाम सरकवून गेल्या.

आठवडाभर असंच चाललं. काका उशीर बदलायचे, मी प्रोग्रॅम बदलायचे, काकू बसायच्या, हलायच्या, चिडायच्या. मला वाटलं, हे दुसरं जहाज. हेही बुडणार, आणि या वेळी म्हातारा उठायचा नाही.

आणि एकाएकी फळी झकास चालायला लागली. रविवारी टॅबलेट वाजला, काकूंनी स्वतः उचलला आणि खुर्चीत बसल्या. काका फळीशेजारी खलाशासारखे उभे. त्या रविवारी कॉव्हेंट्रीला घरी आलेली नात दबकत म्हणाली, "हाय आजी. अजून रागावला आहेस?"

"रागावला नाही," काकू म्हणाल्या, "रागावली. आणि मी रागावले नव्हतेच मुळी. तू बारीक झालीस का गं?"

पलीकडे किंचाळी. "डॅड! डॅड, आजीने मला करेक्ट केला!"

"केलं!" काकू म्हणाल्या. काकू मटार सोलत होत्या, वाकत होत्या, मागे वळून मला चहा टाकायला सांगत होत्या आणि एकही शब्द त्यांच्याकडून निसटत नव्हता. मी आनंदानं म्हटलं, "काहून नाही टाकणार!" तर लगेच उत्तर आलं, "का नाही टाकणार."

मी थक्क. माझा प्रोग्रॅम इतका चांगला नव्हता. मंगळवारी व्हॅक्यूम करताना मी सोफ्यामागे गेले, आणि बघते तर फळीचा प्लग कार्पेटवर पडलेला. मी काकांना बागेत गाठलं. ते गुलाबासमोर उभे होते.

"काका, फळी बंद आहे!"

"हळू बोल. आता ऐकू येतं तिला."

"पण बंद आहे! कधीपासून?"

"गुरुवारपासून." काका गुलाबाला सांगत होते. "मी फळी उघडून बसलो होतो, सगळं बंद, माझी पाठ तिच्याकडे. वैतागून स्वतःशीच पुटपुटलो, अरे, हा झोत कलाने का वळत नाही? तर खुर्चीतून आलं, कलेने." त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "मग मी उठून तिच्या जवळून गेलो. कानापाशी डांबराच्या गोळ्यांचा वास."

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पैठण्यांच्या मागची डबी!

"तिला सांगायचं नाही," काका म्हणाले. "तिला वाटू दे, फळीच चालते आहे. कळलं की मला कळलंय, तर ते यंत्र पुन्हा कपाटात जाईल. माणसाला सरळ वळवायला गेलं की वळत नाही, पोरी."

"पण तुमचं काम? फळी?"

"चालू आहे की बंद, ते बघून कळत नाही," काका म्हणाले आणि मजेत हसले. "शेवटी झाला ना उपयोग!"

तेव्हापासून दर रविवारी काका फळीशेजारी उभे राहायचे, एखाद्या बंद स्पीकरचं बटण उगाच पिळायचे आणि विचारायचे, "येतंय का नीट?" काकू म्हणायच्या, "उत्तम." मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागायचं.

पुढे माझं काम बदललं आणि मी हाउन्सलोला राहायला गेले. मागच्या वर्षी काका गेले. अचानक, दुपारी जेवून खुर्चीत बसले असताना, नाकासमोर बघत. मी त्या आठवड्यात नागपूरला होते. परत आल्यावर हॅरोला गेले. दार काकूंनी उघडलं, पण मी सवयीनं आधी समोर जाऊन उभी राहिले, आणि मग दोघी रडलो.

फळी सोफ्यामागे होती तशीच होती. चहा झाल्यावर काकू म्हणाल्या, "तुला एक सांगते. कोणाला बोलायचं नाही." त्यांनी कानावरचे केस बाजूला केले. तिथे ते इवलंसं यंत्र.

मी शक्य तेवढा अचंबा चेहऱ्यावर आणला. "काकू! कधीपासून?"

"फळी आणली त्याच्या पुढच्या आठवड्यात. मेली ती फळी काही धड चालत नव्हती गं. मान हलली की गेलं. पण त्या माणसाचं एक जहाज असं गेलेलं मी बघितलं होतं. पुन्हा तसं मागे वळून बघताना मला बघायचं नव्हतं. मग काय, म्हातारी दिसले तर दिसले. कपाट उघडलं आणि घातलं. ते शेवटपर्यंत विचारायचे, येतंय का नीट. मी म्हणायचे, उत्तम. त्यांना कळलं नाही, हे फार बरं झालं."

मी चहाच्या रिकाम्या कपात बघत बसले. बागेतला गुलाब, डांबराच्या गोळ्या, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिथेच ठेवलं.

"जाताना ती फळी तेवढी बंद कर," काकू म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही. ते गेल्यापासून तशीच चालू आहे."

मी सोफ्यामागे वाकले. प्लग होता तिथेच होता, त्याच्यावर धूळ बसली होती. माझे डोळे पुन्हा वाहायला लागले, बरं झालं मी सोफ्यामागे होते. "बंद केली, काकू," मी म्हटलं.

मग म्हणाल्या, "नको गं. लाव परत."

मी प्लग भिंतीवर खटखट वाजवला. "लावली."

"हां. आता बरं वाटतं."

मी बाहेर आले, नाक ओढलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काका नेहमी म्हणायचे, कलाने घ्यावं."

"माणसाला ना? मग बरोबर आहे. माणसाला कलानेच," काकू म्हणाल्या. "रडारचं म्हणत असतील तर चूक." आणि खुर्चीत सावरून, त्या फळीकडे मान वळवून त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं, "अहो, ऐकलंत का? कलेने!"